छोट्या कॉमिक्स प्रकाशकानं प्रसिद्ध पात्राचं लायसन्स घ्यावं का? करारात काय बघावं?

तुम्ही विचारलंय की, वर्षाला तीन-चार पुस्तकं काढणाऱ्या छोट्या प्रकाशनाला एखाद्या परदेशी मालिकेतल्या पात्राचं लायसन्स, म्हणजे ते पात्र वापरण्याची मालकाची परवानगी, परवडेल का. परवडू शकतं. पण आधी एक प्रश्न सोडवा: लायसन्स संपेल त्या दिवशी तुमच्या हातात काय उरणार आहे? रॉयल्टीच्या टक्क्यावर घासाघीस करताना हा मुद्दा राहून जातो आणि पुढे तोच सगळ्यात महाग पडतो.

अमेरिकेतल्या स्वतंत्र प्रकाशकांकडे बघा. ऑरेगनमधल्या डार्क हॉर्सनं १९८६ मध्ये सुरुवात केली, १९८८ पासून 'एलियन्स' आणि १९९१ पासून 'स्टार वॉर्स'ची कॉमिक्स काढली. २०१२ मध्ये डिस्नेनं 'स्टार वॉर्स'ची मालक कंपनी लुकासफिल्म विकत घेतली. मार्व्हल आधीच डिस्नेकडे होती, त्यामुळे २०१५ पासून 'स्टार वॉर्स' मार्व्हलकडे गेलं. २०१४ संपताना डार्क हॉर्सला त्या कॉमिक्सची डिजिटल विक्रीही बंद करावी लागली आणि पुढे तीच जुनी पानं मार्व्हलनं आपल्या नावानं जाडजूड संग्रहांत छापली. यात फसवणूक कुणाचीच नाही, करारच तसे असतात. आयडीडब्ल्यू या दुसऱ्या प्रकाशकाकडे 'ट्रान्सफॉर्मर्स' २००५ पासून होतं; २०२२ च्या अखेरीस ते गेलं आणि २०२३ मध्ये स्कायबाउंड या प्रकाशकाकडून नव्यानं सुरू झालं. उलटं उदाहरण 'निंजा टर्टल्स'चं. ईस्टमन आणि लेर्ड या दोघांनी १९८४ मध्ये स्वतःच छापलेलं ते कृष्णधवल कॉमिक. हक्क त्यांच्याकडे होते, म्हणून खेळणी आणि कार्टूनची लायसन्स त्यांनी दिली.

आता पैसे. हिशेबापुरते आकडे धरू: ४८ पानांचं पुस्तक, किंमत २५० रुपये, २,००० प्रती. छपाई प्रतीला ७० रुपये. लेखन, चित्रं, रंग, लेटरिंग (संवादाच्या फुग्यांतला मजकूर लिहिणं) मिळून पानाला २,००० रुपये, म्हणजे ९६,००० रुपये, प्रतीमागे ४८. वितरक आणि दुकानदार मिळून ५० टक्के सूट घेतात, तुमच्याकडे १२५ येतात. खर्च वजा जाता उरले ७. रॉयल्टी ८ टक्के असेल तर छापील किमतीवर ती २० रुपये होते, प्रत्यक्ष हाती आलेल्या रकमेवर १० रुपये. दोन्हीकडे तोटाच. निम्म्या प्रती प्रदर्शनात किंवा स्वतःच्या संकेतस्थळावरून विकल्या आणि त्यावर प्रतीला ३५ रुपये खर्च आला, तर सरासरी १७० रुपये येतात आणि रॉयल्टी देऊनही तिशीच्या वर उरतात. थेट विक्रीची सोय नसेल तर या व्यवहारात पडूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

किमान हमी रकमेची, म्हणजे खप कितीही झाला तरी मालकाला द्यावीच लागणाऱ्या रॉयल्टीची, मेख वेगळीच. समजा ६०,००० रुपयांची हमी मागितली. प्रतीला २० रुपये धरले तर ती ३,००० प्रतींनंतर वसूल होते, आणि तुम्ही छापल्यात २,०००. शेवटची प्रत विकली गेली तरी २०,००० रुपये पदरचे जातात. म्हणून पहिल्या आवृत्तीतल्या खात्रीनं खपणाऱ्या प्रतींवर जितकी रॉयल्टी होते, त्याच्या वर हमी चढू देऊ नका. रक्कम हप्त्यांत मागा. रॉयल्टी कशावर मोजायची, परत आलेल्या प्रती कशा वजा करायच्या आणि एका पुस्तकाची तूट दुसऱ्याच्या रॉयल्टीतून वळती करता येईल का, हे लेखी घ्या. परदेशी मालक असेल तर रॉयल्टी पाठवताना टीडीएस कापावा लागतो. मालक बहुधा 'आम्हाला पूर्ण रक्कम हवी' असं कलम टाकतो आणि कर तुमच्या अंगावर येतो. शिवाय रिव्हर्स चार्जनं, म्हणजे मालकाऐवजी तुम्हालाच, जीएसटी भरावा लागतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नसल्यामुळे त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, तो सरळ खर्चात धरा. सीएला सहीच्या आधी विचारा.

पैशांपेक्षा जास्त जीव काढते ती मंजुरी. कथेचा आराखडा, संहिता, पेन्सिल, शाई, रंग, लेटरिंग, मुखपृष्ठ, अंतिम पीडीएफ, अशा प्रत्येक टप्प्यावर मालकाची संमती लागते. करारात प्रत्येक टप्प्याला दहा-पंधरा कामकाजाचे दिवस दिलेले असतात, आणि त्या मुदतीत उत्तर आलं नाही तर 'नामंजूर' समजायचं अशी अट असते. आठ टप्पे, प्रत्येकी दहा दिवस आणि दोन फेरदुरुस्त्या धरल्या तर १०० कामकाजाचे दिवस, म्हणजे जवळपास पाच महिने नुसते वाट बघण्यात जातात. त्यात प्रत्यक्ष कामाचा वेळ मिळवला, तर करार तीन वर्षांचा असला तरी विक्रीला दोन-सव्वादोन वर्षंच मिळतात. मुदत सहीपासून न मोजता पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनापासून मोजायला लावा. पेन्सिल मंजूर झाल्याशिवाय शाईला हात लावू नका. चिलखताची एक पट्टी किंवा डोळ्याचा रंग स्टाइल गाइडप्रमाणे (पात्र कसं काढायचं याच्या मालकाच्या नियमावलीप्रमाणे) नाही म्हणून बारा-बारा पानं परत येतात आणि त्याचे पैसे चित्रकाराला तुम्हालाच द्यावे लागतात. पात्र नटाच्या चेहऱ्यावर बेतलेलं असेल तर त्या नटाची मंजुरी निराळी. हक्काची ओळ, म्हणजे कॉपीराइट आणि ट्रेडमार्कची सूचना, मालकानं दिली तशी अक्षरशः छापा. त्यात चूक झाली तर छापलेल्या प्रतींवर स्टिकर लावत बसावं लागतं.

चित्रकारांशीही करार लागतो, आणि तो आधी. लायसन्सच्या कॉमिकमध्ये तुमच्या लेखकानं नवं पात्र आणलं तर ते बहुतेक वेळा पात्राच्या मालकाचं होतं. भारतात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराचे हक्क आपोआप तुमच्याकडे येतात असं गृहीत धरू नका, लेखी हस्तांतरण घ्या. नाहीतर मालकाला जे द्यायचं तुम्ही कबूल केलंत, ते तुमच्याकडे नसतंच. काम हाती घेतानाच चित्रकाराला हे सांगा आणि पानाचा दर त्या मानानं द्या; ज्याचा त्याच्या निर्मितीवर पुढे काहीच हक्क राहणार नाही, त्याला कमी दरात राबवून घेणं मला गैर वाटतं.

करारावर भारतीय कायदा लागू असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. कलम ३०-अ मुळे ते लायसन्सलाही लागू होतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरलं जातं, आणि वेगळं ठरलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क संपतो. अमेरिकेतल्या मराठी वाचकांना विकायचं असेल तर प्रदेशात तसं नाव घालून घ्या.

लायसन्सच्या शेवटच्या तारखेनंतर उरलेल्या प्रती विकायला सहसा तीन ते सहा महिने मिळतात. दुकानांतून न खपलेल्या प्रती त्यानंतरही परत येत राहतात, म्हणून सहा महिन्यांखाली तयार होऊ नका. शेवटच्या वर्षात नवी आवृत्ती काढायची असेल तर मोजक्याच प्रती छापा.

मला विचाराल तर सुरुवात मराठी आवृत्तीच्या लायसन्सनं करा. 'इंद्रजाल' कॉमिक्सनं १९६४ पासून किंग फीचर्स या अमेरिकी कंपनीचा फँटम मराठीत 'वेताळ' म्हणून आणला, आणि १९७६ मध्ये त्याच्याच शेजारी आबिद सुरतींचा 'बहादूर' हा आपला नायकही उभा केला. हा मार्ग आजही शहाणपणाचा आहे. तयार पानं मिळाली की चित्रांच्या मंजुरीचे टप्पे गळतात. फक्त मजकूर नसलेल्या, थर वेगळे असलेल्या फाइली करारातच मागा. त्या नसतील तर प्रत्येक फुगा पुसून घ्यावा लागतो, आणि चित्रातच काढलेले 'धडाम'सारखे आवाज पुन्हा रंगवावे लागतात. देवनागरीला वर-खाली मात्रा-उकारांसाठी जागा लागते, त्यामुळे इंग्रजीसाठी आखलेल्या फुग्यात मजकूर मावत नाही. अनुवादकाला वाक्यं आखूड ठेवायला आधीच सांगा.

लायसन्सशिवायही वाट आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी साहित्य खुलं होतं. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, हरि नारायण आपटे १९१९ मध्ये. त्यांच्या कादंबऱ्यांवर कॉमिक काढायला कुणाची मंजुरी लागत नाही. मूळ मजकूर मात्र जुन्या आवृत्तीतून घ्या, नव्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठ उचलू नका.

मालकाला पहिलं पत्र दोन पानांच्या वर नको. भाषा, प्रदेश, मुदत, पुस्तकांची संख्या, पानं, किंमत, पहिल्या आवृत्तीच्या प्रती, विक्रीचे मार्ग आणि आधीच्या दोन पुस्तकांचे खपाचे खरे आकडे द्या. आकडे फुगवले तर हमीची रक्कमही त्याच हिशेबानं मागितली जाते.