पुन्हा परीक्षा द्यायची, पण आधी जुना पेपर उघडायचा

डिसेंबर २०२३ संपत आला होता. आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठीच्या कॅट परीक्षेचा निकाल २१ तारखेला लागला होता आणि त्यानंतर आठवड्याभरातच अमळनेरहून एक कुटुंब सकाळच्या गाडीने जळगावला माझ्याकडे मार्गदर्शनासाठी आलं. आई, वडील आणि मुलगा. त्याला इथे निखिल म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निखिलला ५८ पर्सेंटाइल होते. आईला वाटत होतं, अठ्ठावन्न टक्के म्हणजे पोरगा पास झाला, मग घरात सुतक कशाचं? ‘पोऱ्या रातदिन पुस्तकमाच ऱ्हास,’ त्या डोळे पुसत सांगत होत्या. मी त्यांना समजावलं, हे टक्के नव्हेत. शंभर मुलांत अठ्ठावन्न जण मागे आणि बेचाळीस जण पुढे किंवा बरोबरीला. त्या वर्षी परीक्षेला सुमारे २ लाख ८८ हजार मुलं बसली होती, म्हणजे याच्या पुढे लाखावर मुलं होती.

निखिल एकच प्रश्न विचारत होता, ‘मॅडम, पुन्हा दिली आणि पुन्हा तेवढेच आले तर?’

नापास झालेल्या किंवा मागे पडलेल्या प्रत्येक मुलाच्या मनात हीच भीती असते आणि ती अगदी रास्त आहे. जशी तयारी केली तशीच पुन्हा केली, तर तेवढेच येतात. म्हणून ‘तू हुशार आहेस, होईल सगळं’ असं मी म्हटलं नाही. मी त्याची उत्तरपत्रिका मागितली. ती संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, पण त्याने ती उघडलीच नव्हती. भीती वाटत होती, म्हणाला.

आम्ही ती माझ्या टेबलावर उघडली. गणिताचे २२ प्रश्न होते, त्याने १९ सोडवले होते. बरोबर ६, चुकलेले १३. त्यातले चार टाइप करून लिहायचे, म्हणजे चुकले तरी गुण जात नाहीत. पण पर्यायांचे नऊ चुकले, म्हणजे नऊ गुण वजा. सहा बरोबरचे प्रत्येकी तीन याप्रमाणे १८ मिळाले, हातात राहिले ९. ‘हे नऊ तू नुसते सोडून दिले असतेस तर?’ मी विचारलं. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘दुप्पट.’

वडील इतका वेळ गप्प होते. कापूसवाले शेतकरी. ते म्हणाले, ‘ताई, दुबार पेरणीची वेळ आली की आम्ही आधी माती उकरून बघतो. बी उगवलंच नाही, की उगवून करपलं? दोन्हीचा इलाज वेगळा.’

त्यापुढचं काम आम्ही त्याच वाटेने केलं. दोनशे पानी वही घेतली. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चारपैकी एक शेरा: येतच नव्हतं, येत होतं पण वेळ गेला, वाचण्यात चूक, तुक्का. आधीच्या वर्षी त्याने तीसेक सराव परीक्षा दिल्या होत्या. गुण बघायचे आणि पुढची लावायची. या वेळी मी सांगितलं, आठवड्याला एकच, आणि तिच्या तपासणीला दोन दिवस. दहावीपर्यंत मराठी माध्यम असल्यामुळे इंग्रजी उतारे बघूनच त्याचे हातपाय गळायचे. तो रोज एक अग्रलेख वाचून त्याचं सार मराठीत दोन ओळींत लिहू लागला. अर्थ लागलाय की नाही, ते स्वतःच्या भाषेत लिहिताना लपत नाही.

पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या शिकवणीची, म्हणजे रिपीटर बॅचची, घाई मी करू दिली नाही. पैसे भरल्याने जी निश्चिंती येते, ती तयारी नव्हे. ऑगस्टपर्यंत तो जवळच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेबाचं काम बघत होता आणि पहाटे दोन तास अभ्यास करत होता. ‘वर्ष वाया गेलं’ ही घरातली कुजबुज त्या पगाराने आपोआप थांबली.

कॅटच्या जोडीला राज्याची एमबीए प्रवेशाची सीईटीही धरली. तिचा स्वभाव वेगळा आहे. २०० प्रश्न, १५० मिनिटं, आणि चुकीला गुणवजाबाकी नाही. तिथे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नसतो. कॅटमध्ये विभागाला ४० मिनिटं आणि चुकलेला पर्याय एक गुण घेऊन जातो. एका परीक्षेची सवय दुसरीत नेली की मुलं मार खातात, म्हणून कॅट होईपर्यंत सीईटीचा सराव बंद ठेवला.

नोव्हेंबर २०२४ च्या कॅटमध्ये त्याला ८४ पर्सेंटाइल मिळाले. मोठ्या आयआयएमसाठी ते पुरेसे नाहीत आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. पुढे सीईटीतून पुण्यात प्रवेश झाला.

पण मला आठवतो तो कॅट परीक्षेच्या संध्याकाळचा त्याचा फोन. निकालाचा पत्ता नव्हता, तरी आवाज मोकळा होता. ‘मॅडम, गणितात अकराच सोडवले. एक प्रश्न तर अर्धा झाला होता, हात शिवशिवत होता. तरी सोडला.’