घरच्या शेडमध्ये वखारीतला जुना २४ इंची बँडसॉ घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा समजला: वाईजवळ घराला लागून शेड आहे, पडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळया आणून ठेवल्यात, त्यांच्या फळ्या पाडून घरचंच फर्निचर करायचंय. एक वखारवाला त्याचा जुना बिडाचा २४ इंची बँडसॉ (दोन चाकांवरून फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्ट्याने लाकूड कापणारं मशीन) द्यायला तयार आहे, दुसरीकडे नवीन १४ इंची मिळतोय, तर कुठला घ्यावा.

माझं मत, तुळया असतील तर मोठाच घ्या. पण मशीन बघायला जायच्या आधी एक काम करा, पट्टा जोडून आणि धार लावून देणारा माणूस तुमच्या आवाक्यात कुठे आहे ते शोधा, आणि तो नसेल तर हे मशीन फुकट मिळालं तरी आणू नका. मी घरी २४ इंचीच वापरतो आणि माझं सगळं काम त्या एका माणसाच्या हातावर चालतं हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आधी मापाचं, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. २४ इंच म्हणजे चाकाचा व्यास, लाकूड किती उंच कापता येईल ते नाही. चाकापेक्षा थोडी कमी एवढी जागा पट्टा आणि खांबाच्या मध्ये मिळते आणि उंची वेगळी मोजायची, गाईड (पट्ट्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारा वरचा भाग) पूर्ण वर घेऊन टेबलापासून टेप लावायची. साधारण १४ इंची मशीनला ही उंची ६ इंचाच्या आसपास असते, काहींना मध्ये ठोकळा घालून १२ पर्यंत नेता येते, पण मोटर आणि पट्टा ताणणारी स्प्रिंग तीच छोटी राहते. वाड्याची तुळई ८ बाय ८ असली तर साध्या १४ इंचीवर तो विषय तिथेच संपला. आणि १० इंची पात्याचा टेबलसॉ (टेबलातून गोल पातं वर येणारी करवत) तर एका बाजूने जेमतेम ३ इंच आत जातो.

शिवाय लाकूड किती वाया जातं ते बघा. गोल पातं एका कापात ३ मिलिमीटर तरी खातं, बँडसॉचा पट्टा सव्वा-दीडमध्ये भागवतो. ८ इंची तुळईच्या आठ फळ्या पाडायच्या म्हणजे सात काप, म्हणजे गोल पात्याने २१ मिलिमीटर भुसा, जवळजवळ एक अख्खी फळी गेली की. जुनं सागवान ज्या भावाने घनफुटावर विकलं जातं त्या भावात ही फळी कोणाला सोडवेल सांगा!

आता पट्ट्याचं. बँडसॉची कल्पना जुनी आहे, लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०९ च्या सुमारास पेटंट घेतलं होतं, पण मशीन काही चाललं नाही कारण पट्ट्याचा जोड टिकायचाच नाही. पुढे १८४६ मध्ये फ्रान्समधल्या क्रेपँ नावाच्या बाईंनी जोडायची पद्धत काढून पेटंट घेतलं, ते पॅरिसच्या पेराँ कंपनीने विकत घेतलं, आणि तिथून पुढे हे मशीन खऱ्या अर्थाने कामाला लागलं. म्हणजे साडेतीन दशकं सगळं अडलं होतं ते एका जोडापायी, आणि आजही तुमचं काम अडलं तर तिथेच अडणार.

छोट्या मशीनचे पट्टे तयार जोडलेले ऑनलाइन मिळतात. वखारीतल्या जुन्या मशीनला तसं नसतं, प्रत्येकाची लांबी वेगळी. हिशोब सोपा आहे, दोन चाकांच्या मधल्या अंतराची दुप्पट अधिक व्यास गुणिले ३.१४. मधलं अंतर ४८ इंच असेल तर ९६ अधिक ७५ म्हणजे १७१ इंच, सव्वाचौदा फूट. अंतर मोजताना वरचं चाक त्याच्या चालीच्या मध्यावर ठेवून मोजा, म्हणजे पुढे जोड तुटून पट्टा इंच-दोन इंच आखूड झाला तरी चढेल. पट्टा रोलमधून कापून घ्यायचा आणि जोडून घ्यायचा, तुम्हाला पुण्याच्या भवानी पेठेतलं टिंबर मार्केट जवळ पडेल, तिकडे चौकशी करा.

जुनी पद्धत एकदा तरी समोर उभं राहून बघाच. पट्ट्याची दोन्ही टोकं कानशीने तिरकी घासतात, एकावर एक बसली की जाडी मूळ पट्ट्याएवढीच राहिली पाहिजे अशी. मध्ये टाकणखार आणि चांदीच्या मिश्रधातूची बारीक पट्टी, आणि भट्टीत लाल केलेल्या सांडशीने तो जोड दाबून धरायचा. चांदी वितळून कडेने किंचित बाहेर आलेली दिसली की झालं. मग कानशीने दोन्ही बाजू साफ. आता बहुतेक ठिकाणी वेल्डिंग मशीन आलंय, तेही चांगलंच, फक्त जोडल्यावर तो भाग परत तापवून हळूहळू गार होऊ दिला पाहिजे, नाहीतर जोड कडक होऊन काचेसारखा तुटतो. घरी आणल्यावर पट्टा चढवून ऐका, प्रत्येक फेऱ्याला टक असा आवाज आला तर जोड गाईडला घासतोय, बोट लावून बघा (मशीन बंद करून, प्लग काढून) उंचवटा लागेल. तो काढून घ्यायचा, तसाच चालवायचा नाही.

जाडीचा ढोबळ नियम म्हणजे चाकाच्या व्यासाचा हजारावा भाग, २४ इंच म्हणजे ६०० मिलिमीटर, तर पट्टा ०.६ च्या आसपास. जाड पट्टा छोट्या चाकावर घातला तर प्रत्येक फेऱ्याला दोनदा त्याला गरजेपेक्षा जास्त वाकावं लागतं आणि दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात, आणि लोक म्हणतात पट्ट्याचं मटेरियल खराब. फळ्या पाडायला १ इंच रुंद, इंचाला ३ दाते, एवढं पुरे. जास्त दाते घेतले की मध्ये भुसा साठायला जागा राहत नाही, पट्टा तापतो आणि काप वाकडा जातो. वाकलेल्या कापाचं खापर लोक सगळ्यात आधी मशीनवर फोडतात, पण बहुतेक वेळा बोथट पट्टा असतो किंवा बारीक दात्यांचा. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार आंब्या-बाभळीपेक्षा लवकर जाते, हे धरूनच चाला आणि दोन पट्टे कायम तयार ठेवा, एक मशीनवर एक धारेला.

आणि वाड्याच्या तुळईत खिळे असतातच, जुने चौकोनी, डोकं तुटलेले, वरून काही दिसत नाही. हातात धरायचा मेटल डिटेक्टर मिळतो तो घ्या, चारही बाजूंनी फिरवा, काळपट निळसर डाग दिसला की तिथे लोखंड आहे असं समजून पटाशीने खणा. एक खिळा आणि पट्ट्याचे दाते गेले.

जुनं मशीन बघायला जाल तेव्हा रंगाकडे बघू नका. पट्टा काढायला सांगा, दोन्ही चाकं हाताने फिरवा, बेअरिंगमध्ये खरखर आहे का, चाक पुढेमागे हलतंय का. चाकावरचं रबर बोटाने दाबा, कडक होऊन तडकलं असेल तर बदलावं लागेल, ते होऊ शकतं, भाव करताना धरा. पण चाकाला किंवा बिडाच्या कमानीला भेग किंवा वेल्डिंगचा डाग दिसला तर सरळ उठा आणि चहा पिऊन घरी या. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते वरून खालपर्यंत सुताची दोरी ताणून कळतं. वरचं चाक कलवायचा स्क्रू फिरतो का, ताण द्यायची स्प्रिंग दबून मेलीय का, टेबल गुण्याला ९० अंशात येतं का. मग चालू करून टेबलावर नाणं उभं करा. चांगल्या बॅलन्स केलेल्या चाकावर ते उभं राहतं. वखारीतली मशीनं दणकट असतात पण दिवसभर चाललेली असतात, बेअरिंग बदलायची तयारी ठेवूनच जा.

विजेचं. २४ इंचीला ३ ते ५ एचपी मोटर लागते. ३ एचपी सिंगल फेजवर १५ अँपिअरच्या आसपास खेचते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, गावाकडच्या व्होल्टेजला ती नुसती गुंगुं करत बसते आणि तापते. घराला तीन फेज असेल तर प्रश्नच नाही, फक्त मंजूर भार वाढवून घ्या. नसेल तर व्हीएफडी (फेज बदलून देणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावता येते, सिंगल फेज आत, तीन फेज बाहेर. यात एक बारकावा आहे, आपल्याकडच्या ३ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक ४१५ व्होल्टला स्टारमध्ये असतात (स्टार आणि डेल्टा म्हणजे मोटरच्या वायंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती), त्या डेल्टात बदलल्या की २३० ला चालतात, पण त्यासाठी सहाही टोकं बाहेर हवीत. तीनच असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून बाहेर काढून घ्या. ५ एचपीला हे जमत नाही. आणि शेड शेताला लागून असली तरी शेतीपंपाच्या लाइनवर मशीन अजिबात चालवू नका, तो अनधिकृत वापर होतो, वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाचं बिल येतं. स्टार्टर असा हवा की वीज जाऊन आली तर मशीन आपोआप सुरू होणार नाही, लोडशेडिंगमध्ये हे फार महत्त्वाचं आहे.

आता जे कोणी सांगत नाही ते, परवाना. बँडसॉ म्हटलं की वनखात्याच्या डोळ्यासमोर सॉ मिल येते. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला तेव्हापासून सॉ मिलवर बंधनं कडक झाली, २००२ नंतर नवीन मिलला परवानगी मिळणं आणखी अवघड झालं, आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकूड उद्योगांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात परवान्यातून कोणाला सूट आहे हे सांगतानाच ‘बँडसॉ नसलेलं युनिट’ अशी अट आहे. मी घरच्यासाठी वापरतो, विकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, तपासणीला आलेल्या माणसाला नाही. त्यामुळे मशीन उचलण्याआधी उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या, चाकाचं माप, मोटर, वापर काय, लाकूड कुठलं, सगळं लिहून, आणि उत्तर लेखी घ्या. वखारवाल्यालाही विचारा की हे मशीन त्याच्या परवान्यावर नोंदलेलं आहे का, असेल तर ते हलवल्याचं त्याने कळवलं पाहिजे. वाड्याच्या लाकडाची पावती जपून ठेवा. हे सगळं कंटाळवाणं आहे मान्य, पण उत्तर नाही आलं तर माझ्या मते मशीन घ्यायचं नाही. त्यापेक्षा तुळया परवाना असलेल्या मिलमध्येच नेऊन चिरून आणा.

आणायचं कसं? वजन सहज चारशे किलोच्या वर, आणि जड भाग वर असल्यामुळे ते कलंडायला बघतं. टेम्पोत उभं आणू नका, टेबल आणि मोटर काढून, पाठीवर आडवं झोपवून आणा, खाली टायर. उतरवायला हायड्रा क्रेन बोलवा, शेडच्या दाराची उंची आधी मोजा. फरशीवर सरळ ठेवू नका, काँक्रीटचा ओटा करून फाउंडेशन बोल्टने आवळा. आणि पुढे-मागे मोकळी जागा सोडा, १० फुटी ८ बाय ८ तुळई म्हणजे साडेचार घनफूट, ऐंशी किलोच्या आसपास, ती टेबलाच्या दोन्ही बाजूंना रोलर स्टँडवर तोलली गेली पाहिजे, एकट्याने तर नाहीच.

तब्येतीचंही सांगतो. लाकडाचा भुसा फुप्फुसात आणि नाकात जाणं साधं नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ कर्करोगकारक यादीच्या पहिल्या गटात घातलीय. एन-९५ मास्क लावा आणि खालच्या चाकाच्या डब्याला भुसा ओढणारा पंखा जोडा. बंद केल्यावर हे चाक बराच वेळ फिरत राहतं आणि आवाज जवळजवळ नसतो, म्हणून पायाचा ब्रेक असलेलं मशीन मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. काम करताना वरचं गार्ड कामाच्या लाकडापर्यंत खाली, पट्टा उघडा ठेवायचा नाही, घरात लहान मुलं असतील तर स्विचला कुलूप.

तुम्ही शेवटी विचारलंय की याच मशीनवर खुर्चीच्या पाठीच्या कमानी कापता येतील का. येतील, पण १ इंची पट्ट्याने नाही. अर्धा इंची पट्टा अडीच इंच त्रिज्येपर्यंत वळतो, पाव इंची साधारण पाऊण इंचापर्यंत, पण २४ इंची चाकावर पाव इंची पट्टा नीट बसत नाही, सारखा उतरतो. खुर्च्या भरपूर करायच्या असतील तर पुढे कधीतरी छोटा १४ इंची वेगळा घ्या आणि हा फक्त फळ्या पाडायला ठेवा. तूर्त मशीनचा, चाकांचा आणि मोटरच्या नेमप्लेटचा फोटो टाका, त्यावर फेज आणि व्होल्ट बघून मोटरचं काय करायचं ते सांगतो.