आयसीयूतल्या सीनियर सिस्टर हँडओव्हर अर्धवट देतात, सगळ्यांसमोर बोलतात. काय करू?

तुम्ही बडोद्यातल्या खासगी रुग्णालयात नव्या आहात, हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना मिळणारी पेशंटची माहिती, तुटक मिळते, विचारलं की "एवढंही येत नाही?" ऐकावं लागतं, शिवाय सलग नाइट लागतात, असं लिहिलंय.

यात सगळ्यात धोक्याचा आहे तो हँडओव्हर. इन्सुलिनचा पंप घ्या. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ५० युनिट, म्हणजे १ मिलीला १ युनिट. शुगर उतरली म्हणून रेट ताशी ४ मिलीवरून २ करायला डॉक्टरांनी तोंडी सांगितलं आणि ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही, तर पहाटे पेशंट घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो. म्हणून काउंटरवर हँडओव्हर घेऊच नका. खाटेपाशी घ्या. सिरिंजवरचं लेबल, पंपावरचा रेट, नळी कुठून कुठे जाते, शेवटची शुगर किती, किती वाजता, पुढची कधी, हे सगळं तिथेच बघा. "ताई, रेट ऑर्डरशी जुळत नाही, जरा बघता का?" एवढं शांतपणे विचारा. रजिस्टरमध्ये वेळ घाला, दोघींच्या सह्या घ्या.

टोमण्याचं उत्तर मात्र आधीच पाठ हवं, कारण अपमान झाला की ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. अमेरिकेत नर्सिंगच्या संशोधक मार्था ग्रिफिन यांनी २००४ साली नव्या नर्सेसना अशी वाक्यं ओळखपत्रासोबत ठेवायच्या कार्डांवर दिली होती. तुमचं वाक्य असं ठेवा: "चुकलं असेल तर बाजूला घेऊन सांगा, पेशंटसमोर नको." घरी मोठ्याने म्हणून बघा. पण हेपारिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस सीनियरने पुन्हा तपासला, तर तो छळ नव्हे. तो तपासायलाच हवा.

घरी वही ठेवा: तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं. पेशंटचं नाव नको, केसपेपरचा फोटो तर मुळीच नको, आणि केसपेपरवर स्टाफच्या भांडणाचा शब्दही लिहू नका. औषधाची चूक झाली तर इन्सिडेंट फॉर्म वेगळा भरा. रोस्टरची महिन्याची प्रत जपा. नवरात्रात नऊच्या नऊ संध्याकाळच्या ड्युट्या एकाच मुलीला लागल्या, तर ते कागदावर आपोआप दिसतं.

तक्रार आधी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे. त्रास तिचाच असेल तर थेट नर्सिंग सुपरिंटेंडेंटकडे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची अंतर्गत समिती तेवढ्यापुरतीच आहे, बाकीचं एचआरकडे जातं. अर्जात "मला त्रास होतो" लिहून भागत नाही. तीन-चार प्रसंग तारखेसह लिहा आणि नेमकं काय हवं ते मागा: खाटेपाशी हँडओव्हर, नाइटची समान पाळी. दोन प्रती न्या, एकीवर पोच घेतल्याशिवाय निघू नका.