प्रभागात नवीन उद्यान होणार आहे, नगरपरिषदेने रहिवाशांच्या सूचना मागवल्यात. काय सुचवावं? आणि खरंच ऐकतात का?

ऐकतात, पण वेळेत बोललात तर. अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी मिळून निविदा निघाली, की बाकांच्या रंगापलीकडे काही बदलत नाही. त्याआधी बोललं तर फाटकाची जागासुद्धा बदलते. म्हणून आधी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन काम कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा, मग सूचना लिहायला बसा.

पुढचं जरा लांबेल. तुमचा प्रश्न वाचला आणि मला आमचं फाटक आठवलं.

मी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर राहते. एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. अंगणवाडीच्या समोर बावीस गुंठ्यांचा मोकळा तुकडा होता. जवळजवळ सगळा कातळ, कडेला उंडीचं एक जुनं झाड. कागदोपत्री 'पडीक'. हा शब्द मला तेव्हाही आवडत नव्हता, कारण ती जागा वर्षातला एक दिवसही रिकामी नसायची. पाऊस संपला की कोळणी तिथे सुकट आणि मांदेली वाळत घालायच्या, कारण तापलेल्या कातळावर मासळी लवकर वाळते. मे महिन्यात तिथेच सोलं, आंब्याची साठं, फणसाचे पापड. मिरग जवळ आला की आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, सगळी बेगमी त्या कातळावरून घरोघर जायची. उंडीच्या सावलीत पुरुष जाळी सांधायला बसायचे. संध्याकाळी क्रिकेट. आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरं घेत घेत आमच्या वाडीत आली की तिथे नाचायची. पालखी नाचवायला जागा लागते. दांडी खांद्यावर घेऊन माणसं गरकन वळतात, मागे सरतात, भोवती ढोल-ताशे असतात आणि ओटी भरायला बायका थांबलेल्या असतात.

उद्यानाची सभा ठेवली सोमवारी सकाळी अकरा वाजता. त्या वेळी कोळणी बाजारात असतात. सभागृहात आम्ही बायका दोघीच, मी आणि एक नर्सबाई. मुंबईहून आलेल्या सल्लागाराने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. हिरवंगार लॉन, मधोमध कारंजं, पेव्हर ब्लॉकची वाट, बॉटल पामची रांग, आणि मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून चार फुटांचं फिरतं फाटक. टाळ्या पडल्या.

मी वही घेऊन गेले होते. आठ दिवस अंगणवाडीच्या दारात बसून कोण किती वाजता येतं, काय करतं, कुठे बसतं ते लिहून काढलं होतं. मी उभी राहून तीनच गोष्टी मागितल्या. फाटक बारा फुटांचं हवं, मधली जागा मोकळी हवी, आणि पावसात बसता येईल असं एक मोठं छप्पर हवं. समितीचे अध्यक्ष आमचे मोठे भावोजी होते. भर सभेत म्हणाले, "तुझं अंगणवाडीपुरतं ठीक आहे. ही शहराची बाग आहे. इथे मासळीचा वास नको." मी खाली बसले. इतकी वर्षं झाली, ते खाली बसणं मला अजून लागतं.

बाग झाली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे. पावसाळ्यात लॉनमध्ये गुडघाभर रान माजलं आणि मार्चमध्ये सगळं पिवळं पडलं. एप्रिलमध्ये विहिरींचा तळ दिसतो, प्यायला टँकर येतात, तिथे गवताला पाणी कुठून घालणार? जुलैत पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरलं आणि शेजारच्या आजी पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. घसरगुंडी पत्र्याची, तोंड पश्चिमेला. दुपारी चारला मूल तिच्यावर बसू शकत नाही, हे कुठल्याही अंगणवाडीच्या बाईने सांगितलं असतं. खाऱ्या वाऱ्याने दोन वर्षांत झोपाळ्यांचे नटबोल्ट खाल्ले आणि कारंज्याचा पंप गेला. कोळणींची मासळी रस्त्याच्या कडेला डांबरावर गेली, धूळ बसायला लागली, भाव पडला. याबद्दल त्यांना एका शब्दाने कुणी विचारलं नाही.

आणि पहिल्या शिमग्याला पालखी फाटकाशी थांबली.

चार फुटांत पालखी वळत नाही. ढोल वाजतच होते. मानकऱ्यांनी दांडी आडवी करून पाहिली, उंच उचलून पाहिली. शेवटी पालखी बाहेर रस्त्यावर नाचली, एका बाजूला रिक्षा आणि वर विजेच्या तारा. म्हाताऱ्या बायका कंपाउंडला टेकून उभ्या होत्या, त्यांच्या हातातल्या ओट्या तशाच. भावोजी मानकऱ्यांत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही काही बोलले नाही. आज इथे बोलते आहे. भावोजी, ते बारा फूट मी अंगणवाडीपुरते मागितले नव्हते.

आता तुमचं. 'उद्यानात काय हवं' ही यादी करू नका. यादीत सगळीकडे तेच येतं, लॉन, कारंजं, सेल्फी पॉइंट. त्याऐवजी त्या जागेवर आज कोण काय करतं ते लिहून द्या, वेळेसकट आणि फोटोसकट. मे आणि जुलै दोन्हींचं लिहा. सभा संध्याकाळी सातनंतर आणि त्याच जागेवर घ्यायला लावा. सभागृहात येणारी माणसं आणि मैदानावर असणारी माणसं वेगळी असतात.

जागा विकास आराखड्यात कशासाठी आरक्षित आहे तेही बघा. 'उद्यान' वेगळं, 'खेळाचं मैदान' वेगळं. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे मंजूर आराखड्यातलं आरक्षण बदलायचं तर आधी जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. मैदान असेल तर त्यावर कारंजं बसवण्याआधी लेखी प्रश्न विचारा. नकाशा आणि अंदाजपत्रकाची प्रत तोंडी मागून मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकारात मागा. उपकार म्हणून मागायचं काही कारण नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा, मैदानं ही नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांत लिहिलेली आहेत. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझी वही सभेत दाखवली गेली, पण आवक झाली नव्हती. त्यामुळे ती कुठेच नाही.

झाडांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. उंडी, बकुळ, सुरंगी, करंज, भेंड, रायवळ आंबा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या रस्त्याकडेचे गुलमोहर मुळासकट आडवे झाले, उद्यानातले बॉटल पाम कलंडले. उंडीच्या दोन फांद्या गेल्या, बस. हिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यात जळायचं, होड्यांना लावायचे. जागेत जुनी झाडं असतील तर त्यांची जागा नकाशावर दाखवायला लावा. शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने परवानगी लागते. कातळात झाड लावताना तीन फुटांचा खड्डा फोडला तरी पावसात त्यात पाणी साठून मुळं कुजतात, म्हणून उताराच्या बाजूने पाण्याला वाट ठेवायला सांगा. आणि जागा सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, असेल तर जेसीबी लावण्याआधी कातळ झाडून बघा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत आणि ती याच असल्या 'पडीक' जागांवर सापडली आहेत.

छप्पर पडवीसारखं उतरतं हवं, खाली ओटा, नैऋत्येला भिंत, कारण पाऊस आडवा येतो. वाट पेव्हरपेक्षा खरबरीत जांभ्याच्या चिऱ्याची बरी. शेवाळ तिच्यावरही येतं, पण पाय तितका सरकत नाही. व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा. स्वच्छतागृह हवंच, आणि त्याची किल्ली कोणाकडे राहणार हेही अर्जात लिहा.

हे सगळं मी एका लहान शहरातल्या बावीस गुंठ्यांवरून सांगते आहे. तुमच्याकडे बारमाही विहीर असेल तर थोडं लॉन चालेल, मुलांना लोळायला बरं असतं. पालखीचा प्रश्न तुमच्या वाडीत नसेलही, पण मग रुग्णवाहिका आत कशी येणार ते बघा.

कंपाउंडच्या बाबतीत मात्र भावोजींचं बरोबर होतं. सभेच्या आधी मी कंपाउंडलाच विरोध केला होता, सगळं उघडं ठेवा म्हणाले होते. नंतर रस्त्यापलीकडच्या शाळेच्या आवारात मोकाट गुरांनी एका रात्रीत चाळीस रोपं खाल्लेली पाहिली. तेव्हा कंपाउंड मागा, चिऱ्याचं, कमरेएवढं, म्हणजे आत कोण आहे ते रस्त्यावरून दिसतं. आणि फाटक बारा फुटांचं, दोन झडपांचं. रोज एक झडप उघडा, शिमग्याला दोन्ही.