कृषी सल्ला : डोंगरातले भांगेचे गावठी बियाणे कोकणात चालेल का?

प्रश्न : उत्तराखंडात औद्योगिक (म्हणजे नशेसाठी नव्हे, तर धागा-बियांसाठी घेतलेल्या) भांगेच्या लागवडीला परवाने मिळतात, तर तिथले गावठी बियाणे आणून आमच्या वरकस जमिनीत खरिपात पेरता येईल का, आणि पैदासकार (नवे वाण तयार करणारे संशोधक) या गावठी वाणांना एवढे महत्त्व का देतात, अशी विचारणा राजापूर तालुक्यातील काही शेतकऱ्यांनी केली आहे.

उत्तर : बियाणे मागवू नये. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना भांगेची लागवड हा गुन्हा असून त्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उत्तराखंडातील परवाने त्या राज्यापुरते आहेत आणि तेही ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी असलेल्या पिकासाठीच. डोंगरातील गावठी झाडांत हे नशेचे द्रव्य अनेकदा त्याहून जास्त भरते.

कायदा बाजूला ठेवला तरी हे पीक इथे साधणे अवघड आहे. भांग रात्रीची लांबी ओळखून फुलते. जूनमध्ये उत्तराखंडात दिवस सुमारे १४ तासांचा असतो, रत्नागिरीकडे मात्र जेमतेम १३ तासांचा, त्यामुळे तिथे उन्हाळाभर वाढून मग फुलणारे झाड इथे पुरते वाढण्याआधीच फुलावर येण्याची शक्यता असते आणि धागा आखूड निघतो. शिवाय तिला पाणी साचलेले सोसत नाही. नर आणि मादी झाडे वेगळी, परागीभवन वाऱ्यावर, त्यामुळे जवळपास दुसरी भांग असल्यास एका हंगामातच बियाण्यात भेसळ होते.

गावठी वाणाचे मोल पैदासकाराला मूळ सामग्री म्हणून असते. हंगेरीतील कोम्पोल्टी हा धाग्याचा प्रसिद्ध वाण इटलीच्या जुन्या स्थानिक भांगेतून निवड करीत पुढे आला. झाडात टीएचसी जास्त की सीबीडी (भांगेतील नशा न आणणारे द्रव्य), हे मुख्यतः एका जनुकस्थानावर ठरते असे दे मायर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले. म्हणूनच काटक पण नशेचे द्रव्य जास्त असलेल्या गावठी झाडाचा कमी टीएचसीच्या वाणाशी संकर करून पुढच्या पिढ्यांत नको ती झाडे वगळता येतात. हे काम परवानाधारक संशोधन संस्थांचे आहे, शेताच्या बांधावरचे नव्हे.

आपल्याकडे हेच भातात घडले आहे. खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या भुरा राता या स्थानिक भातातून बीआर ४-१० ही निवड झाली आणि तिचा आयआर ८ या भाताच्या वाणाशी संकर करून खार जमिनीसाठी पनवेल १ हा वाण तयार झाला. तेव्हा ज्यांच्या खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) आजही राता पिकतो, त्यांनी कापणीपूर्वी शेताच्या मध्यभागातील भरदार, एकसारख्या लोंब्या निवडून वेगळ्या झोडाव्यात, उन्हात वाळवून बी निराळे ठेवावे आणि गाव, जमीन व भरतीचे पाणी किती दिवस राहते याची नोंद करून थोडा नमुना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला द्यावा. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली असा वाण शेतकऱ्याच्या नावे नोंदवता येतो. केवळ धाग्याचेच पीक हवे असेल, तर अंबाडी किंवा ताग पेरावा. त्याला परवाना लागत नाही.