पोरगं भुताची गाणी ऐकायलंय

"मॅडम, पोरगं रात्री अंधारात बसून भुताची गाणी ऐकायलंय. हाताबाहेर जाईल काय?" मी समुपदेशन करते; बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचा मला हा प्रश्न. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, पण प्रश्न अनेक घरांचा आहे.

मुलगा 17 वर्षांचा, सेकंड पीयू म्हणजे बारावी सायन्सला. ऐकतो ते 'ब्लॅक मेटल', रॉकमधला एक कर्कश, काळोखा प्रकार. वडील बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतल्या फाउंड्रीत. स्वतः सीमाप्रश्नासाठी 1 नोव्हेंबरला काळी फीत बांधणारा माणूस, त्यामुळे पोराच्या काळ्या टी-शर्टचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. मामानं मात्र मोबाइलवर नॉर्वेत ब्लॅक मेटलवाल्यांनी जाळलेली चर्चं शोधून दाखवली आणि घराची झोप उडाली.

मामाचं खोटं नव्हतं. 1992 मध्ये बर्गनमधलं फान्टॉफ्टचं लाकडी चर्च जाळलं गेलं. 1993 मध्ये त्याच वर्तुळातल्या एका वादकाचा दुसऱ्यानं खून केला. 'एम्परर' या गाजलेल्या बँडमधलेही दोघं तुरुंगात गेले, एक खुनासाठी, एक जाळपोळीसाठी. यातलं काही मी झाकलं नाही. एवढंच म्हटलं, की गुन्हे त्या माणसांनी केले, तुमच्या लेकानं गाणी ऐकली.

पहिल्या भेटीत चूक माझीच झाली. "कुणी लावली ही सवय?" असं विचारून बसले. त्यानं तोंड मिटलं ते तास संपेपर्यंत. पुढच्या खेपेला म्हटलं, तुला आवडतं ते ऐकव, आई-बाबा आणि मी, आम्ही तिघं ऐकतो.

त्यानं 'डिम्मू बोर्गिर' या नॉर्वेच्याच बँडची ऑस्लोतली 2011 ची मैफल लावली. बँडच्या जोडीला नॉर्वेच्या रेडिओचा वाद्यवृंद आणि मोठा गायकवृंद. जांबोटीच्या रानावर पावसाआधी अंधारून येतं, तशी व्हायोलिनं आणि पितळी वाद्यं चढत गेली. मग ड्रम असे सुटले की ठोके मोजता येईनात. गिटारचे स्वर इतक्या वेगानं छेडलेले की नुसती घोंघावणारी भिंत, आणि वर घसा खरवडून ओरडणारा माणूस. ते ओरडणं मला सोसलं नाही, हे त्याला सांगितलंसुद्धा. पण मागून समूहस्वर उठला तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. वडील म्हणाले, "आमच्या शेडात रोज हेच असतंय, फक्त व्हायोलिन नसतंय." पोरगा पहिल्यांदा हसला.

"यात तुला काय सापडतं रे?"

"ते काय ओरडतात ते कुणालाच कळत नाही, मॅडम. वर्गात सगळ्यांना कळतंय, मलाच कळत नाही."

दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग एकदम इंग्रजीतलं फिजिक्स, आणि बाकावरच्या गप्पा कन्नडमधून. टेस्टमध्ये नापास झाला होता, घरी बोलला नव्हता. आमच्या पुढच्या भेटी या गाठीवरच गेल्या.

त्याला एकट्याला मी झोप, जेवण, मित्र यांबद्दल विचारलं. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलं. अशा विचारण्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला असता, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं असतं, मग तो अभंग का ऐकत असेना.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात 2015 मध्ये 39 जणांवर एक प्रयोग झाला. आधी त्यांना संताप येईल असं बोलतं केलं, मग काहींना त्यांच्या आवडीचं असंच कर्कश संगीत ऐकू दिलं. संताप वाढला नाही, उलट मनाला उभारी आली. अर्थात ते सगळे मुळातच या संगीताचे शौकीन होते. मला बसवलं असतं तर निकाल वेगळा लागला असता.

आईला मी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर वाजणाऱ्या चौंडक्याची आठवण दिली. तिथं अंगात वारं येतं, तेव्हा भीती वाटते का? "ती आई यल्लम्मा हाय," ती ठामपणे म्हणाली. मी वाद घातला नाही.

ठरलं ते साधंच. फिजिक्सचा प्रत्येक धडा आधी मराठीत समजून घ्यायचा, त्यासाठी गल्लीतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा तयार झाला. हेडफोनचा आवाज 60 टक्क्यांच्या आत. रात्री अकराला फोन स्वयंपाकघरात. यावर सर्वांत जास्त कुरकुर झाली, आणि अजूनही आठवड्यातून दोनदा तो नियम मोडतोच.

परवा आई एकटीच आली होती. म्हणाली, "सुरुवातीची वाजंत्री बरी वाटती, मॅडम. माणूस ओरडायला लागला की मी भाकरी थापायला उठते."