‘परफॉर्मन्स’ला मराठीत काय म्हणावे?

‘परफॉर्मन्स’साठी सर्वत्र चालेल असा एकच मराठी शब्द कोणता आणि ‘सादरीकरण’ हा तसा शब्द मानावा का, असा प्रश्न आहे. माझ्या मते असा एकच शब्द नाही आणि तो शोधूही नये, कारण कृती कोणाची आणि कोणत्या क्षेत्रातली, हे पाहून मराठी निरनिराळे शब्द वापरते.

नाटकासाठी ‘प्रयोग’ हा शब्द असताना ‘सादरीकरणा’ची गरजच नाही. विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’चा सांगलीत १८४३ साली प्रयोग झाला, असेच आपण म्हणतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त दोन नाट्याचार्यांपैकी श्रेष्ठ कोण हे ठरवायची वेळ येते, तेव्हा परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, ‘प्रयोगप्रधानं हि नाट्यशास्त्रम्’ असे म्हणते, म्हणजे या शास्त्रात वादापेक्षा करून दाखवण्याला महत्त्व आहे. शिवाय प्रयोग मोजता येतात. शुभारंभाचा आणि शंभरावा हे दोन्ही एकाच संहितेचे असले, तरी एखादा रंगतो आणि एखादा पडतो. ही प्रत्येक वेळची स्वतंत्र घटना ‘सादरीकरण’ या शब्दात उमटत नाही, तो केवळ मांडण्याची क्रिया सांगतो आणि म्हणून कार्यालयातल्या अहवालाला शोभतो. गाण्याची मात्र मैफल असते, तमाशाची बारी असते आणि कीर्तन नुसते ‘होते’.

खेळाडू किंवा कर्मचारी यांच्या बाबतीत ‘कामगिरी’ योग्यच आहे. ‘कामगिरीवर पाठवणे’ यात सोपवलेले काम असा अर्थ असल्याने या शब्दात माणसाची जबाबदारी गृहीत धरलेली दिसते, आणि त्यामुळेच ‘फोनची कामगिरी’ मला खटकते. यंत्राबाबत सर्रास ‘कार्यक्षमता’ लिहितात, पण भरधाव धावणारी गाडी पेट्रोल फार खात असेल, तर तिची कार्यक्षमता कमीच ठरते. तेथे नामाचा हट्ट सोडून ‘गाडी कशी चालते’ असे सरळ लिहावे.

करारविषयक १८७२ च्या भारतीय कायद्यात ‘परफॉर्मन्स’चा अर्थ दिलेले वचन पार पाडणे असा आहे, म्हणून तेथे ‘पालन’ हवे. भाषाविज्ञानात नोम चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये मनातले भाषाज्ञान आणि प्रत्यक्ष बोलणे यांत जो भेद केला, त्यातल्या दुसऱ्या, म्हणजे ‘परफॉर्मन्स’ या संज्ञेसाठी ‘भाषिक प्रयोग’ सुचू शकेल. परंतु आपल्या व्याकरणात कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग आधीच असल्याने तेथे ‘प्रत्यक्ष भाषावापर’ हीच शब्दयोजना मला अधिक निःसंदिग्ध वाटते.